ग्लुटेन बंद आहे, तरी लेकराचं पोट पुन्हा पुन्हा बिघडतंय? आधी ज्वारी कुठं दळता ते बघा

डॉक्टरांनी सिलिॲकचं निदान केलं, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतड्याच्या अस्तराला इजा होते तो आजार. गहू मुलाच्या ताटातून गेला. दोन-तीन महिन्यांत पोट निवलं, वजन चढलं, चेहऱ्यावर तजेला आला. आणि मग मधूनच पुन्हा तेच सुरू झालं. संध्याकाळी पोट गच्च फुगतं, रात्री उलटी होते, दुसऱ्या दिवशी पातळ शी आणि पुढं नुसती किरकिर. जरा बरं वाटतंय तोवर परत. काही घरांत तर वरून काहीच दिसत नाही, पण रक्ततपासणीत टीटीजीचा, म्हणजे सिलिॲकमध्ये वाढणाऱ्या प्रतिपिंडांचा, आकडा खाली यायचं नाव घेत नाही. "आम्ही चपातीचा तुकडासुद्धा देत नाही हो," असं आई कळवळून सांगते, आणि ते खरंच असतं.

माझी मुलगी सिलिॲकची आहे. कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या अशाच मुलांच्या आईवडिलांशी माझं सतत बोलणं होतं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या भागात मुलाला त्रास होतो तो बहुतेक वेळा चालणाऱ्या पदार्थांतूनच होतो. ज्वारीची भाकरी, तांदळाचं घावन, बेसनाचं पिठलं, तुरीच्या डाळीची आमटी. यांत मुळात ग्लुटेन नाहीच. धान्य पोत्यातून ताटात येईपर्यंत गहू त्याला वाटेत कुठंतरी चिकटतो. मुलानं शेवटचं काय खाल्लं यावर डोकं लढवत बसण्यापेक्षा ही वाट शोधली तर उत्तर लवकर सापडतं.

त्रास कसा येतो ते आधी ओळखा

एक प्रकार झटक्याचा. मूल आठवडेच्या आठवडे छान असतं आणि एखाद्या दिवशी अचानक आडवं होतं. मागं जाऊन बघितलं तर दोन-तीन दिवसांत काहीतरी वेगळं घडलेलं सापडतं. वाढदिवस, लग्न, तालमीच्या गणपतीचा महाप्रसाद, रंकाळ्यावरची संध्याकाळ, नाहीतर पाहुण्यांनी आणलेला खाऊ. ग्लुटेन जास्त गेलं असेल तर काही मुलांना दोनेक तासांतच मळमळ आणि उलटी होते. काहींना दुसऱ्या दिवशी जुलाब लागतात, काहींचं उलट पोट साफ होत नाही, तोंड येतं, डोकं दुखतं, अंगात जीव राहत नाही. किती खाल्लं आणि त्रास किती झाला यांचा मेळ बसेलच असं नाही.

दुसरा प्रकार रोजच्या झिरपण्याचा. मोठा झटका येत नाही, पण मूल कधीच पुरतं बरं नसतं. पोट थोडं फुगलेलं, भूक बेताची, उंची वाढत नाही, हिमोग्लोबिन चढत नाही आणि टीटीजी वरच अडकलेलं. इथं बाहेरच्या खाण्याला दोष देऊन काही हाती लागत नाही. रोज पोटात जाणारी एखादी गोष्टच तपासायला हवी. एक खूण सांगते. सुट्टीत आजोळी गेलं की मूल सुधारतं आणि घरी आलं की परत बिघडतं, किंवा याच्या उलट होतं, तेव्हा फरक दोन स्वयंपाकघरांत आणि दोन गिरण्यांत असतो.

यासाठी एक साधी वही ठेवा. काय खाल्लं एवढंच लिहून भागत नाही. पीठ कुठं दळलं, कुणी भरवलं, कुठं बसून खाल्लं, तेही लिहा. त्रास नसलेल्या दिवसांचंही लिहा, कारण ताडून बघायला तेच दिवस कामी येतात.

हे ग्लुटेनच आहे का?

सिलिॲकच्या मुलालाही इतर मुलांसारखे साधे आजार होतातच. अंगात ताप आहे, घरातल्या आणखी कुणाचं पोट बिघडलंय, वर्गातली चार मुलं आजारी आहेत, तर आधी संसर्गाचा विचार करा. पावसाळ्यात आपल्याकडं हे फार होतं. पंचगंगेचं पाणी चढलं की पिण्याच्या पाण्याचा भरवसा राहत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर पाणी उकळून पिण्याचं महत्त्व इथं कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ही कोल्हापूरची मोठी हौस आहे, पण न तापवलेल्या दुधातून जंतू पोटात जाऊ शकतात. ते पिऊन जुलाब लागले तर भाकरीच्या पिठावर संशय घेऊन उपयोग नाही. नव्यानं निदान झालेल्या मुलांना काही काळ दुधातली साखर पचत नाही, कारण आतड्याचं अस्तर अजून भरून आलेलं नसतं. तेव्हा दूध प्यायल्यावरच पोट फुगत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणखी एक. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ते सिलिॲकचं लक्षण नाही. ती ॲलर्जी असू शकते. तेव्हा वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

गिरणी

बहुतेक घरांत घोडं इथंच अडलेलं असतं, म्हणून यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

गिरणीत आपल्या आधी कुणीतरी गहू दळून गेलेला असतो. दगडांच्या फटीत, धान्य ओततात त्या तोंडात, पीठ उतरतं त्या नळीत आणि खाली बांधलेल्या कापडात त्याचं पीठ राहतंच. मग आपली ज्वारी पडते आणि ते सगळं पीठ तिच्याबरोबर आपल्या डब्यात येतं.

किती येतं, याचा हिशेब करून बघा. पाच किलो ज्वारी दळली आणि तिच्यात गव्हाचं फक्त ५० ग्रॅम पीठ मिसळलं असं धरू. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण दहा टक्के ग्लुटेन धरलं तर ते झालं ५ ग्रॅम. म्हणजे दर किलो पिठात १ ग्रॅम, अर्थात १००० मिलिग्रॅम. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसार पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. आपलं पीठ त्या मर्यादेच्या पन्नासपट झालं. त्या पिठाची ५० ग्रॅमची एक लहान भाकरी मुलानं खाल्ली की ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज एवढंच ग्लुटेन तीन महिने घेतलेल्या सिलिॲकच्या रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली होती. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना धोका नसतो असं मानतात. म्हणजे गव्हाचं ५० ऐवजी ५ ग्रॅमच पीठ मिसळलं असतं, तरी तसल्या दोन भाकऱ्यांत मूल त्या काठावर पोचलं असतं.

म्हणूनच "आम्ही तिला फक्त भाकरीच देतो" हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, दळण कुठं?

"आमच्या गिरणीत ज्वारीचं घिरट (दळायचं जातं) वेगळं आहे," असं बरेच जण सांगतात. असेल, आणि एकाच घिरटापेक्षा ते नक्कीच बरं. पण तिथं उभं राहून नीट बघा. त्या घिरटावर थालीपिठाची भाजणी पडते का? भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. गव्हाच्या घिरटाचं पीठ हवेत उडून सगळीकडं बसलेलं असतं. सांडलेलं पीठ गोळा करायचा ब्रश एकच असतो. "मामा, ज्वारीच्या आधी यावर काय दळलं होतं?" असं विचारा. गिरणीवाले सहसा खरं सांगतात, त्यांना लपवायचं काही कारण नसतं. पण त्यांनी कितीही जीव लावला तरी ती जागा गव्हानं भरलेलीच असणार. पहिलं किलोभर पीठ बाजूला काढून उरलेलं मुलाला वापरायचं, हा उपायही पुष्कळ जण करतात. त्यानं प्रमाण घटतं, पण किती घटलं हे डोळ्यांना दिसत नाही. सिलिॲकच्या मुलाचं रोजचं पीठ मी त्या भरवशावर ठेवणार नाही.

पक्का उपाय घरघंटीचा. ती नवी घ्यायची आणि तिच्यात गहू कधीही, एकदासुद्धा, घालायचा नाही. जुनी किंवा शेजारणीची घरघंटी नको, कारण आतल्या कोपऱ्यांतलं पीठ कितीही झटकलं तरी पुरतं निघत नाही. घरच्या चपातीसाठी गहू बाहेरूनच दळून आणा. ज्यांना एवढा खर्च एकदम झेपत नाही त्यांनी तांदूळ धुऊन, कापडावर वाळवून, मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात वाटावेत आणि नव्या बारीक चाळणीतून चाळून घ्यावेत. थोडं थोडं करावं लागतं, पण लेकरापुरतं होतं. शिवाय भिजवून वाटायचे पदार्थ आहेतच. इडली, आंबोळी, घावन, डोसा या सगळ्यांत गिरणीचा संबंधच येत नाही. निदानानंतरचे पहिले काही महिने याच पदार्थांवर काढले तर आईच्या जिवालाही थोडी उसंत मिळते. माळ्यावर आजीचं जातं पडून असेल आणि त्यावर गहू दळलेला असेल, तर तेही नको.

धान्य आणतानाच बघून घ्या. लक्ष्मीपुरीत एकाच दुकानात गव्हाची आणि ज्वारीची पोती शेजारी उघडी असतात आणि माप एकच असतं. शेतावर मळणीयंत्रही तेच असतं. त्यामुळं शिवबंद पोतं घ्या, ज्वारी पसरट ताटात थोडी थोडी घेऊन निवडा, गव्हाचा दाणा दिसला की काढा, मग धुऊन कडक उन्हात वाळवा. तांदळात ही कटकट कमी असते. आजऱ्याच्या घनसाळाचा मऊ भात आणि तूप हे आजारी लेकराचं खाणं आपल्याच जिल्ह्यात पिकतं. नाचणी, वरी, राजगिरा हेही चालतात. पण यांचं तयार पीठ आणलं तर प्रश्न पुन्हा तोच, ते कुठं दळलं? बेसनालाही हेच लागू. हरभऱ्याची डाळ आणून घरीच दळा.

आणि खपली. आपल्या भागात खपलीच्या खिरीचं भारी कौतुक असतं, आणि "खपली पचायला हलकी, ती चालते" हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. खपली हा गहूच आहे. तिच्यात ग्लुटेन असतं. सिलिॲकच्या मुलाला ती एक चमचाही द्यायची नाही. सातू म्हणून जव घेतले तरी तेच, आणि मेतकुटातही गहू असतो.

फोडणीत काय पडतं?

गिरणीनंतर माझा संशय हिंगावर. बाजारात मिळणारी हिंगाची पूड म्हणजे नुसता हिंग नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं. ते पीठ कधी तांदळाचं असतं, पण पुष्कळदा गव्हाचं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचा. चिमूटभर हिंगानं काय होणार असं वाटतं खरं. पण ही चिमूट सकाळच्या भाजीत पडते, आमटीत पडते, संध्याकाळी परत पडते, लोणच्यात असते, उडदाच्या पापडात असते. रोज न चुकता जाणारा हा डोस आहे आणि दुसऱ्या प्रकारचा, झिरपणारा त्रास यातूनच होतो. तांदळाच्या पिठातला हिंग शोधा, नाहीतर फोडणी मोहरी-जिऱ्याची आणि लसणाची करा. कोल्हापुरी फोडणीला लसूण असला की हिंगाची आठवणही येत नाही.

कांदा-लसूण चटणी हा आपला जीव की प्राण. वर्षाची चटणी डंकावर (कुटायच्या यंत्रावर) कुटून आणताना तिच्यात हिंग कोणता पडला आणि डंकावर आधी काय कुटलं होतं, हे विचारा. मुलापुरती चटणी घरी मिक्सरवर केली तर हा प्रश्नच मिटतो. वर्षाची करायची गरज नाही, महिन्याची करा.

स्वयंपाकघरात सगळं वेगळं मांडायला हवं असं नाही. स्टीलची भांडी, काचेच्या ताटल्या साबण लावून नीट घासल्या की पुरे. जे घासून निघत नाही तेवढंच वेगळं ठेवा. लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी पळी, पिठाची चाळणी, चिरा पडलेलं प्लॅस्टिक आणि लोखंडी तवा. "तवा लालबुंद तापवला की सगळं जळून जातं" असं सांगणारे भेटतात. शिजवून किंवा भाजून ग्लुटेन निरुपद्रवी होत नाही. तळणीच्या तेलाचंही तसंच. ज्या तेलात करंज्या तळल्या त्यात मुलाच्या चकल्या तळू नका. आधी चकल्या तळा, मग करंज्या, म्हणजे तेल वाया जात नाही आणि मूलही सुरक्षित राहतं. तवा वेगळा असला तरी आधी मुलाची भाकरी करा, मग चपात्या. कणीक मळताना आणि चाळताना पीठ उडतं, तेवढा वेळ मुलाचं ताट झाकलेलं असू द्या.

एक जागा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे तुपाची बरणी. चपातीवर तूप फिरवलेला चमचा परत तुपात जातो. लोणच्याची बरणी, चटणीचा डबा, गूळ, लोणी, सगळीकडं हेच होतं. मुलाची तुपाची आणि लोणच्याची बरणी वेगळी करा, झाकणावर रंगीत चिकटपट्टी लावा, आणि त्यात कोरडा, त्याचाच चमचा ठेवा. घरातल्या कुणालाही, पाहुण्यालाही, रंग बघून कळतं.

पाकिटातल्या खाण्याबद्दल थोडक्यात. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्यं घातली असतील तर तसं पाकिटावर लिहावं लागतं. पण पदार्थ गव्हाच्याच कारखान्यात तयार झाला असला तर ते सांगायची सक्ती नाही. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव, त्यामुळं दुधात घालायच्या बऱ्याच पावडरी आणि कॉर्नफ्लेक्स बाद होतात. नाचणीच्या बिस्किटांत मैदा सर्रास असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उंबऱ्याबाहेर

मिसळीचा विचार करा. कट चालण्यासारखा असतो, पण फरसाणात मैद्याची पापडी असते, सोबत ब्रेडचे स्लाईस असतात आणि वाढणारे हात तेच. भेळेतले चुरमुरे तांदळाचे, पण भेळेत पुरी कुस्करलेली. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं, पण त्याच कढईत समोसे तळलेले. म्हणून मला विचाराल तर गाड्यावरचं काहीही नको. रंकाळ्यावर जायचं तर घरचं भडंग डब्यात न्या. उसाचा रस, शहाळं, भाजलेलं कणीस, फळं आहेतच. कणसाला लावायचं तिखट-मीठ मात्र घरचं न्यायचं. मूल हिरमुसत नाही, कारण त्याला हवं असतं ते सगळ्यांबरोबर उभं राहून काहीतरी खाणं.

महाप्रसादात शिरा रव्याचा असतो, सत्यनारायणाचा प्रसादही रव्याचाच. तिथं नको म्हणणं मोठ्या माणसांना जड जातं. मी खडीसाखर आणि खोबऱ्याचे तुकडे डबीत ठेवते. ते देवापुढं ठेवून मुलीच्या हातावर द्यायला सांगते. आजवर एकाही पुजाऱ्यानं नाही म्हटलेलं नाही. बेंदराला, आखाडात कापण्या तळतात तेव्हा तांदळाच्या पिठाच्या गोड पुऱ्या आधी तळून घेते. उकडीचे मोदक तर गणपतीला सगळ्यांनाच चालतात. पीठ तेवढं घरचं हवं.

शाळेत डबा वाटून खायची सवय चांगली आहे, ती मोडताना लेकराला वाईट वाटतं. बाईंना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा आणि लेखी द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा. "गहू, रवा, मैदा, बिस्कीट, ब्रेड, केक, शेवया चालत नाहीत," असं नावानिशी लिहा. ग्लुटेन हा शब्द कुणाच्या लक्षात राहत नाही. वर्गातल्या वाढदिवसांसाठी बाईंकडं एक डबा ठेवा, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, त्याच्या आवडीचं चॉकलेट असं काही. चिक्की-चॉकलेटचं पाकीट मात्र आधी वाचून घ्यायचं. हस्तकलेच्या तासाला मैद्याची खळ वापरतात, खेळायच्या मऊ मातीत गव्हाचं पीठ असू शकतं. हाताला लागल्यानं काही होत नाही, पण लहान मुलाची बोटं तोंडात जातात. तासानंतर साबणानं हात धुवायला लावा. सॅनिटायझरनं पीठ निघत नाही.

"एका घासानं काय हुतंय?"

हे वाक्य प्रेमापोटीच येतं. आजीच्या मांडीवर नातवंड बसलंय, ताटात गरम चपाती-तूप आहे, लेकरू तोंडाकडं बघतंय. तिचा हात पुढं जाणारच. तिच्यावर ओरडून काहीच साधत नाही, पुढच्या वेळी ती आपल्या नकळत भरवते एवढंच. माझ्या सासूबाईंना प्रथिनं, आतडं, टीटीजी हे सगळं सांगून झालं होतं. पटलं ते उपवासाच्या उदाहरणानं. "आई, एकादशीला भगरीच्या पातेल्यात कुणी आमटीचा डाव बुडवला तर ती भगर तुम्ही खाल का? हिला रोजच तसं आहे." त्यानंतर घरात माझ्यापेक्षा त्यांचंच लक्ष जास्त असतं. आजीला मनाई करून थांबू नका, तिच्या हातात काम द्या. मुलाची भाकरी थापायचं काम तिचं. प्रेमानं घास भरवायचाच आहे, तर तो या भाकरीचा भरवू दे.

मूल थोडं मोठं झालं की तेच लपून खातं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मित्रांत वेगळं दिसायचं नसतं. अशा वेळी शिक्षा केली तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही आणि आपली वही खोटी पडेल. "खाल्लंस तरी सांग, मी रागावणार नाही," हे वचन द्या आणि पाळा. पोट दुखतंय आणि कारणही माहीत आहे, तर निम्मं काम तिथंच होतं.

चुकून पोटात गेलंच तर

उतारा असा काही नाही. ग्लुटेन पचवणाऱ्या गोळ्या विकल्या जातात, पण सिलिॲकच्या मुलाला त्यांचा भरवसा धरून काही खाऊ घालता येत नाही. ओकारी काढायला घशात बोटं घालू नका. उलट्या-जुलाब होत असतील तर ओआरएस घोटघोट द्या, तांदळाची पेज, मऊ भात, केळं द्या आणि झोपू द्या. बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत सावरतात, काहींना जास्त लागतात. उलटी हिरवी झाली, शीतून रक्त पडलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं किंवा पोट धरून विव्हळू लागलं, तर घरी थांबू नका. औषध घेताना दुकानदाराला आणि डॉक्टरांना सिलिॲक आहे हे प्रत्येक वेळी सांगा.

एका घासानं झालेलं नुकसान भरून येतं, त्यासाठी रात्र-रात्र जागून स्वतःला बोल लावू नका. पण तेच पुन्हा होत असेल तर कारण शोधल्याशिवाय सोडायचं नाही. आणि शोधताना एकेक गोष्ट बदलून महिनामहिना वाट बघत बसू नका, तेवढा काळ लेकराच्या पोटात ग्लुटेन जातच राहतं. पीठ, हिंग आणि तुपाची बरणी हे तिन्ही एकदम बदला. नक्की दोष कशाचा होता हे कळलं नाही तरी चालेल.

टीटीजी लगेच उतरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. निदानानंतर तो आकडा पूर्ण खाली यायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागतात. सुरुवातीला फार वर असेल तर आणखीही. प्रत्येक तपासणीत तो घटतोय ना, एवढं बघायचं. उतरलेला आकडा पुन्हा चढला किंवा वर्ष-दीड वर्षानंतरही जागचा हलला नाही, तर कुठून तरी ग्लुटेन जातंय असंच आधी धरा. आकडा चांगला आला म्हणजे अधूनमधून काहीच जात नाही, असंही नाही. एखाद-दुसरी चूक त्यात दिसत नाही. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, कारण वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. डॉक्टरांकडं जाताना वही न्या आणि हिंग, मसाला, पीठ, बिस्कीट, घरात जे जे पाकीट उघडलंय त्याच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाईलवर न्या. पीठ-हिंग बदलूनही सहा महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर मुलांच्या पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा. दुधातली साखर न पचणं, जंत किंवा जिआर्डियासारखा संसर्ग, जुनी बद्धकोष्ठता अशी इतर कारणं ते तपासतील, आणि गरज वाटली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा पुन्हा घ्यायला सांगतील.